गोळी दिली, की गिळली?

डोंबिवली-कल्याणहून सकाळची लोकल गाठायची, तर घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंकडे कोण बघणार? मग ठाण्या-बदलापूरच्या बाजूला एखादा वृद्धाश्रम शोधला जातो. खोली, जेवण, स्वच्छता आपण नीट पारखून घेतो. औषधं कोण देतं, हे विचारायचं मात्र राहून जातं.

गोळी चुकते ती बहुधा ड्युटी बदलताना. दिवसपाळीच्या मावशींना वाटतं, रात्रीची बाई देईल. तिला वाटतं, देऊन झाली. आजी झोपल्यात म्हणून गोळी उशाशी ठेवली जाते आणि तिथेच राहते. कधी औषध संपतं, नातेवाईक येणार रविवारी! कधी आजीच टाळतात. लघवीच्या गोळीनंतर सारखं उठावं लागतं आणि संडास लांब असतो. अशा वेळी रागावू नका, कारण विचारा. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार, प्रगत देशांतही दीर्घ आजाराचे जेमतेम निम्मे रुग्ण औषधं नीट घेतात. पण फिट्सची, पार्किन्सनची, रक्त पातळ ठेवणारी गोळी किंवा इन्सुलिन चुकलं तर जिवावर बेतू शकतं. राहिलेली भरून काढायला डॉक्टरांना न विचारता दोन गोळ्या एकदम देऊ नयेत.

मैत्रिणींनो, एवढं नक्की करा :

* औषध, त्यातला घटक, मात्रा, वेळ, उपाशीपोटी की जेवणानंतर, असा तक्ता पलंगाजवळ लावा. ब्रँड बदलला तरी घटक पाहून ओळख पटते. एकच औषध दोनदा जात नाही.
* सही गोळी गिळल्यावरच व्हावी. नाही घेतली तर तसं आणि का, तेही लिहावं.
* आठवड्याच्या खणांचा डबा आणि आठ दिवसांचा जादा साठा ठेवा.
* भेटीला गेलात की गोळ्या मोजा. तीसच्या पाकिटातून रोज एक, दहा दिवस झाले, तर वीस उरायला हव्यात.
* हॉस्पिटलमधून परतल्यावर जुनी-नवी यादी डॉक्टरांकडून ताडून घ्या.
* गिळता येत नाही म्हणून परस्पर कुटू नका. काही गोळ्या कुटून चालत नाहीत.

संस्था दाद देत नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. पण आधी तिथल्या मावशींशी गोडीने बोला. वीस जणांच्या गोळ्या सांभाळणाऱ्या त्या बाईला तुमचा तक्ता ओझं नव्हे, आधारच वाटेल.