डोक्याचा मार आणि मैदानावरील घाई

गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या एका १२ वर्षांच्या मुलाचे डोके कबड्डीच्या सामन्यात दुसऱ्या मुलाच्या गुडघ्यावर आदळले. त्याला पाणी पाजण्यात आले, कोणीतरी कांदा हुंगवला आणि पाच मिनिटांत तो पुन्हा चढाईला गेला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या; त्यांत प्रस्तुत लेखकही होता. संध्याकाळी ‘सामना कोण जिंकले?’ हा एकच प्रश्न त्याने आईला चौथ्यांदा विचारला, तेव्हा घरच्यांना शंका आली.

वैद्यक ज्याला कन्कशन म्हणते तो हा प्रकार. मेंदू कवटीच्या आत हादरतो. रक्त येतेच असे नाही, आणि बहुतेक वेळा शुद्धही हरपत नाही. मेंदूच्या रचनेपेक्षा त्याचे कार्य बिघडते, म्हणून सी.टी. स्कॅन निर्दोष आला तरी दुखापत नाही असे ठरत नाही. डोकेदुखी, मळमळ, भोवळ, उजेड न सोसणे, गोंधळलेली मुद्रा, विनाकारण चिडचिड ही त्याची लक्षणे. काही तर दुसऱ्या दिवशी उमटतात. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायांतील अशक्तपणा, बाहुल्या लहानमोठ्या दिसणे किंवा जागे करूनही मूल नीट जागे न होणे, यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठले पाहिजे.

एरवीचा उपाय साधा आहे, पण तोच आपल्याला जड जातो: मुलाला तत्काळ खेळातून बाहेर काढणे, त्या दिवशी परत न पाठवणे, एक-दोन दिवस विश्रांती, मग प्रथम शाळा आणि नंतर वैद्यकीय संमतीने टप्प्याटप्प्याने मैदान. मेंदू सावरण्यापूर्वी बसलेला दुसरा धक्का कधी जीवघेणा ठरतो. अमेरिकेत २००६ साली झॅकरी लिस्टेट हा १३ वर्षांचा फुटबॉलपटू डोक्याला मार बसूनही त्याच सामन्यात परत उतरला आणि सामन्यानंतर कोसळला. तो कायमचा अपंग झाला. वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये त्याच्या नावाने कायदा केला, आणि २०१४ पर्यंत सर्व ५० राज्यांत तसे कायदे झाले.

आपल्याकडे दहीहंडीच्या मनोऱ्यात १४ वर्षांखालील मुले घेणार नाही, अशी हमी राज्य शासनाने २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात दिली. ते योग्यच झाले. परंतु वर्षातून एकदा येणाऱ्या सणाबद्दल आपण न्यायालयापर्यंत जातो, आणि रोजच्या मैदानाचा विचार मात्र कोणी करत नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला येथे एक ओळखीची विसंगती दिसते: मुलाला परत उतरवण्याचा लाभ संघाला व शाळेला मिळतो, त्याची किंमत मात्र मुलाच्या नावे पडते. शिवाय ती दिसतही नाही. सहामाहीत गुण घसरले की ‘लक्ष नाही’ असा शेरा प्रगतिपुस्तकात येतो. आमच्या शेजारच्या मुलालाही तो आला.

निर्णय खेळाडूवर सोपवू नये, कारण बारा वर्षांचे पोर ‘मी ठीक आहे’ असेच म्हणणार. तो क्रीडाशिक्षकाचा असावा, आणि सामना हरला तरी मुख्याध्यापकांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे. त्यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. मुख्याध्यापकांचे एक परिपत्रक आणि पालकसभेतील दहा मिनिटे पुरेशी आहेत.