पाण्यात बुडालेली तांब्याची तार

पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनद किंवा बेला मंडलात शिरले, की यवतमाळ-चंद्रपूरकडची मराठीच कानावर पडते आणि शिवारात कापूसही तसाच दिसतो. पावसाळा सरला की भिस्त बोअरवर. तेलंगणाने १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज दिली. मोटार जळण्याची धास्ती मात्र उरलीच.

मोटारीला पाणी लागले, म्हणून ती जळाली, असे आपण सहज म्हणतो. खरे तर बोअरमधल्या बहुतेक सबमर्सिबल मोटारींच्या पोटात पहिल्या दिवसापासून पाणीच असते. बसवण्याआधी स्वच्छ पाणी भरून आतली हवा काढून टाकतात. त्यामागे विचार आहे. पाण्याखाली शंभर मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे दहा किलोचा दाब येतो. आत हवा असती, तर हा सगळा भार सीलवर पडला असता. आतबाहेर पाणीच असले की दाब सारखा राहतो. शिवाय तेच पाणी वायंडिंगची, म्हणजे तांब्याच्या तारेच्या वेढ्यांची, उष्णता बाहेर नेते आणि बेअरिंगला वंगणाचे काम देते.

म्हणजे ४१५ व्होल्टची तांब्याची तार थेट पाण्यात. अतिशुद्ध पाणी विजेचे फार दुबळे वाहक असते. त्याची वाहकता सेंटिमीटरला ०.०५५ मायक्रोसीमेन्स. भूजलाची सहसा काहीशे मायक्रोसीमेन्स, म्हणजे हजारो पट. आदिलाबादच्या आसपास चुनखडक आहे. भूशास्त्रज्ञ तिथल्या खडकांच्या थराला ‘पैनगंगा गट’च म्हणतात. अशा खडकातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि बायकार्बोनेटचे आयन घेऊन येते आणि वीज वाहते ती या आयनांमुळे.

पंख्याच्या मोटारीत तांब्यावर केसापेक्षा पातळ इनॅमलचा लेप असतो. त्याला सुईच्या टोकाएवढी छिद्रे असली, तरी कोरड्या हवेत सहसा बिघडत नाही, कारण छिद्रातली हवाही विद्युतरोधकच असते. पाण्यात मात्र ते छिद्र आयनांनी भरते आणि तांब्यापासून स्टेटरपर्यंत, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या लोखंडी भागापर्यंत, वाट तयार होते. हवेत दोन लेपांमधले अंतर मदतीला येते. पाण्यात लेपाखेरीज कोणी वाली नाही. मला या तंत्रज्ञानाचे मर्म इथेच दिसते.

म्हणून या मोटारींची वायंडिंग वायर वेगळी. भारतीय मानक आयएस ८७८३ तिच्यासाठीच आहे. एका प्रकारात तांब्यावर उष्णतारोधक पीव्हीसीचे अखंड आवरण असते. दुसऱ्यात आत पॉलिएस्टरची फिल्म आणि वर पॉलिप्रॉपिलीनची पट्टी, जखमेवर बँडेज बांधावे तशी, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर चढवत गुंडाळलेली. हा क्रम महत्त्वाचा. पॉलिएस्टर चिवट, पण गरम पाण्यात त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून ते बाहेरच्या बाजूला.

उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली जाऊन मोटार उघडी पडली, तर तिच्या अंगावरून वाहणारे थंड पाणी थांबते. आतले पाणी तापते, पीव्हीसी मऊ होते आणि दाटीने बसलेल्या तारा एकमेकींत रुततात. अशा ड्राय रनपासून, म्हणजे पाण्याविना चालण्यापासून, वाचवणारा रिले स्टार्टरमध्ये असायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे. जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्याच्या, म्हणजे रिवायंडिंगच्या, खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ आहे.

रिवायंडिंग करताना तार स्टेटरच्या खाचांमधून ओढावी लागते आणि धारदार कडेवर ती खरचटू शकते. ओरखडा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गुंडाळून झालेला स्टेटर पाण्यात बुडवून ठेवायचा आणि मग ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे विद्युतरोध मोजणाऱ्या यंत्राने, आवरणाचा रोध मोजायचा. कोरडा मोजून चालत नाही. तेव्हा छिद्रात हवाच असते. केबलच्या जॉइंटचेही तेच. तिन्ही तारांचे जोड एकाच पातळीवर न घेता मागेपुढे घ्यावे, प्रत्येकावर आधी रबर टेप ताणून गुंडाळावा, मग पीव्हीसी टेप, आणि मोटार खाली सोडण्यापूर्वी जॉइंट बादलीभर पाण्यात बुडवून पुन्हा मेगर लावावा.