कापश्याचं पहिलं वर्ष

सतरंजी झटकताना तांदळाच्या कणीएवढं काहीतरी फरशीवर टिणकन पडलं. उचलून पाहिलं तर दात! आमच्या कापश्याचा दुधाचा दात, सुईसारख्या टोकाचा. कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. चौथ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत ते सगळे पडतात आणि त्यांच्या जागी ४२ नवे येतात. बहुतेक दात पिल्लू खाताखाता गिळून टाकतं, त्यामुळे घरच्यांना पत्ताही लागत नाही. आमच्या हाती एक लागला. मुलांचे दात तुळशीत पुरले होते, तसा तोही पुरला.

कापश्या सावेडीतल्या आमच्या घरी आला तेव्हा आठ आठवड्यांचा होता, ओंजळीत मावणारा, नुकत्याच पिंजलेल्या कापसासारखा. नगरात अशा प्रत्येक पांढऱ्या झुबकेदार कुत्र्याला ‘पामेरियन’ म्हणतात. पामेरियन हे नाव बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनिया प्रांताचं. आपल्या गल्लीत दिसतात ते मात्र बहुतेक त्याचे इकडचे भाऊबंद, इंडियन स्पिट्झ. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी याच जातीचा. थंड मुलखातल्या पूर्वजांची लोकर पर्जन्यछायेतल्या नगरात कशी निभावते, हे कोडं मला पहिल्या दिवसापासून पडलं होतं.

या झुबक्यामागचं गणित थक्क करणारं आहे. केस लांब की आखूड, सरळ की कुरळे, तोंडाला दाढीमिशा आहेत की नाहीत, कुत्र्यांमधले हे बहुतेक सगळे फरक अवघ्या तीन जनुकांच्या अदलाबदलीतून होतात, असं २००९ साली संशोधकांनी दाखवलं. अंगाचा लहानपणा तर त्याहून अजब. लहान कुत्र्यांमध्ये आढळणारा जनुकाचा एक प्रकार सायबेरियात सापडलेल्या सुमारे ५४ हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही निघाला. म्हणजे माणसाने कुत्रं पाळण्याच्या कितीतरी आधी कापश्याचं लहानपण लांडग्याच्या रक्तात वाट पाहत होतं.

पण मला सगळ्यात जास्त भुरळ घातली ती एका खिडकीने. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात आणि कानही बंद. आईची ऊब आणि वास, एवढंच त्याचं जग. दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्याच्या आसपास कान. तिथून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाची एक खिडकी सताड उघडी असते. या काळात जे ओळखीचं झालं ते आपलं. नंतर समोर येणाऱ्या नव्या गोष्टीकडे पिल्लू आधी भीतीनेच बघतं. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात पिल्लं कुंपण घातलेल्या मोकळ्या शेतात माणसांपासून लांब वाढवली. काहींना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, काहींना पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात फक्त एकेक आठवडा माणसांचा सहवास दिला. चौदा आठवडे ज्यांना तो मिळालाच नाही, ती पिल्लं रानटी जनावरांसारखी वागली. हजारो वर्षांची मैत्री रक्तात असूनही प्रत्येक पिल्लाला माणूस नव्याने ओळखावा लागतो!

आणि नेमक्या याच दिवसांत डॉक्टर सांगतात, पिल्लाला जमिनीवर सोडू नका, लशी पुऱ्या व्हायच्या आहेत. याचं कारण चिकात आहे. गाईच्या वासराला जसा चीक, तसाच कुत्रीचाही पहिला चीक पिल्लाला रोगांपासून राखतो. पण आईकडून आलेलं ते संरक्षण लशीलाही परकं समजून निकामी करतं. ते ओसरतं कधी, हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लस पुन्हा पुन्हा द्यायची. एखादी तरी नेमक्या वेळी लागू पडते. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात. तोवर पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन काळ दाराबाहेर उभेच असतात.

यावर तोड एकच, कडेवरची वरात. कापश्याला आम्ही उचलून सगळं दाखवलं. माळीवाडा बसस्थानकाचा गलका, कापडबाजारातली गर्दी, उसाच्या ट्रॉल्या, ढोल-ताशे, टोपीवाले आजोबा, हेल्मेटवाला पोरगा. पाय जमिनीला लागू दिले नाहीत, पण डोळे-कान-नाक भरभरून जेवले.

पाचव्या महिन्यात कापूस उडाला. बाळकेस गळायला लागले, तोंड कोल्ह्यासारखं निघालं. शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, “खरूज झाली का हो याला?” खरूज नव्हती, अंगरखा बदलत होता. खालून दोन पदर येतात: आत दाट मऊ लोकर, वर लांब राठ केस. मेंढपाळ धनगरांच्या घरात जन्मलेल्या अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यातलं, त्यामुळे घोंगडी आपल्याला नवी नाही. कापश्याचा अंगरखा म्हणजे अंगावरच उगवलेली घोंगडी. दोन पदरांत अडकलेली हवा थंडी आत येऊ देत नाही आणि उन्हाची झळही थेट कातडीला लागू देत नाही. म्हणून उन्हाळा लागला की पामेरियनला गोटा करून आणणारी माणसं पाहून जीव कळवळतो. कातडी उघड्यावर पडते, आणि या जातीत असे कापलेले केस कधीकधी नीट परत येतच नाहीत. फणीने गळालेली लोकर काढली की हवा खेळते, तेवढं पुरे.

तरी घोंगडी कूलर नव्हे. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या गाद्यांपुरताच. बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकून फेकावी लागते. मे महिन्यात नगरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा फेरी सूर्य उगवायच्या आधी, आणि दुपारी ओलं गोणपाट.

ताटातलं देताना एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. घोडेगाव, नेप्तीच्या कांद्यावर चालणारा आपला जिल्हा. आपलं कालवण कांद्याशिवाय होत नाही. पण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, कच्चे असोत की शिजलेले. भाकरी कुस्करून कालवणात देणं ही माया नव्हे. मनुकाही नको.

वर्ष भरलं. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब चुकीचा आहे. २०२० साली १०४ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा तपासून निघालं की आठ आठवड्यांचं पिल्लू नऊ महिन्यांच्या बाळाएवढं आणि वर्षाचं कुत्रं तिशीतल्या माणसाएवढं असतं. लहान जातींचा हिशेब थोडा निराळा असेल, पण ओंजळीतलं बाळ बारा महिन्यांत तरणंताठं होतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

आपल्याच जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली सापडलेल्या, हजारो वर्षांपूर्वीच्या कांस्यरथाला दोन बैल आहेत, रथात उभा माणूस आहे आणि पुढे दांडीवर एक छोटंसं कुत्रं आहे. इतकी जुनी ही माणसाची आणि कुत्र्याची सोबत. त्याच प्रवरेच्या वरच्या अंगाला, अकोल्याच्या उसात, वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला. खाल्लेल्या मांसात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. तुम्ही अकोले, संगमनेर, राहुरीकडे उसाच्या कडेला वस्तीवर राहत असाल, तर दिवे लागले की पिल्लाला अंगणात बांधून ठेवू नका. घरात घ्या आणि दाराला कडी लावा.