अंगणातील पोखरलेला माड



एखादा प्रौढ गृहस्थ भल्या सकाळी आपल्या अंगणातील माडाच्या खोडाला कान लावून उभा असलेला आपल्या दृष्टीस पडला, तर त्याच्या डोक्याविषयी शंका घेण्याची घाई करू नका. तो बहुधा शहाणाच असतो. खोडाच्या आत सोंड्या भुंग्याच्या अळ्यांनी ठाण मांडले असेल, तर आत काहीतरी कुरतडले जात असल्याचा बारीक आवाज बाहेर ऐकू येतो. आणि तो वेळीच ऐकणाऱ्याचे पैसे वाचतात, प्रसंगी कुणाचे प्राणही वाचतात. मी तो आवाज ऐकला होता. पण ऐकून स्वस्थ बसलो. तेव्हा आज जे सांगणार आहे, ते काही अंशी प्रायश्चित्त म्हणून आहे असे समजावे.

मुंबईच्या एका उपनगरात आमचे जुने बैठे घर आहे. परसात तीन माड. त्यांतला मधला माझ्या आईने लावलेला व शेजारच्या घराकडे किंचित कललेला. एका आषाढात त्याच्या खोडावर पुरुषभर उंचीवर एक भोक दिसले. त्यातून तांबूस, चिकट रस ओघळत होता आणि तोंडाशी चावून टाकलेले तंतू अडकले होते. आईच्या हातचे झाड, म्हणून दिवाळीपर्यंत मी ‘पाहू, पाहू’ म्हणत राहिलो. दिवाळीनंतर दरवर्षीचा नारळ पाडणारा गडी आला. त्याने कोयत्याच्या मुठीने खोडावर दोनचार ठिकाणी ठोकून पाहिले, वर शेंड्याकडे पाहिले आणि दोर पुन्हा खांद्यावर टाकला. “काका, ह्यावर मी नाही चढायचा. शेंडा जागेवर नाही त्याचा,” एवढेच तो म्हणाला. मला क्षणभर राग आला व मी त्यास दुप्पट मजुरी देऊ केली. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. कारण मी काय विकत घेऊ पाहत होतो, हे मला नंतर कळले.

येथे माड आणि आंबा यांतील एक भेद ध्यानात घेतला पाहिजे, म्हणजे पुढील गोष्टी उलगडतील. आंब्याच्या खोडाला साल असते व सालीखाली नवे लाकूड निर्माण करणारा जिवंत थर असतो. खोडकिड्याने, ज्यास कोकणात भिरूड म्हणतात त्याने, एखादी फांदी पोखरली, तरी ती छाटून टाकता येते आणि झाड हळूहळू जखम भरून काढते. भोकाच्या तोंडाशी ताजा भुसा पडत असेल, तर तारेचा आकडा घालून अळी ओढून काढावी, कीटकनाशकात भिजविलेला बोळा आत सारावा आणि वरून चिखलाने लिंपून घ्यावे. एवढ्याने पुष्कळ आंबे वाचतात. बुंधाच सर्व बाजूंनी पोखरून पोकळ झाला असेल, तेव्हाच संपूर्ण झाड पाडण्याचा विचार करावा. माडाचे तसे नाही. त्याला तो नवनिर्मितीचा थरच नाही. खोडाला झालेली जखम जन्मभर उघडी राहते. शिवाय वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्याच्या गाभ्यात. तो खाल्ला गेला की माड संपला, मग झावळ्या आणखी काही काळ हिरव्या दिसोत!

माडाचे वैरी मुख्यतः दोन. पहिला गेंड्या भुंगा: काळा, आंगठ्याएवढा, डोक्यावर शिंग असलेला. हा न उमललेला कोंब कुरतडतो. पुढे ती झावळी उलगडली म्हणजे कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. असे कातरलेले माड पाहून घाबरणारे लोक पुष्कळ. वस्तुतः तेवढ्यासाठी कुऱ्हाड काढण्याचे कारण नसते. त्याची अंडी घालण्याची जागा शेणखताचा ढीग, कुजका पालापाचोळा व कुजके ओंडके ही असल्यामुळे, आधी आपल्याच परसातील खताचा खड्डा उपसून पाहावा हे उत्तम. मात्र गेंड्याने केलेल्या जखमा दुसऱ्या वैऱ्याला दार उघडून देतात. हा सोंड्या भुंगा तांबूस, लांब सोंडेचा. तो जखमेच्या मऊ जागी अंडी घालतो आणि त्याच्या पाय नसलेल्या अळ्या आतला गाभा खात सुटतात. एकाच खोडात त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या होतात. बाहेर दिसते ते एखादेच भोक. आत मात्र सगळे घर पोखरलेले.

भोके थोडी असून शेंडा ताठ असेल, तर उपचाराने माड वाचू शकतो. अशा वेळी कृषिखात्याचा किंवा रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राचा सल्ला अवश्य घ्यावा. परंतु मधल्या झावळ्या कोमेजल्या, शेंडा एका अंगाला झुकला, कोंब ओढताच हातात आला, की आशा सोडावी आणि त्याच आठवड्यात अर्ज लिहावा.

अर्ज कशासाठी, असे आपण विचाराल. झाड आपल्या आवारातले, आपणच लावलेले, तरीही शहरात ते परवानगीवाचून तोडता येत नाही. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा 1975 पासून आहे. त्याप्रमाणे म्युनिसिपालिटीच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांस अधिक संरक्षण मिळाले आहे. हा कायदा मला स्वतःला अडचणीचा वाटत नाही. तो नसता तर शहरात सावलीला झाड उरले नसते. मात्र पाहणी आणि परवानगी यांस वेळ लागतो आणि भुंगा त्यासाठी थांबत नाही. म्हणून अर्जासोबत भोकांची, ओघळलेल्या रसाची, शेंड्याची आणि झाड पडले तर कशावर पडेल त्या जागेची छायाचित्रे जोडावीत, खोड ठोकल्यावर पोकळ वाजते हे स्पष्ट लिहावे व पोच घ्यावी. बाहेरून हिरवा दिसणारा माड आतून कसा आहे, हे पाहणीस आलेल्या माणसाला आपण दाखविल्यावाचून कळणे कठीण. जुलै 2017 मध्ये चेंबूर येथे सकाळी रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळून तिचा अंत झाला, हे पुष्कळांना स्मरत असेल. त्या बातमीने मी दोन रात्री झोपलो नव्हतो; तरी माझ्या परसातला माड आला तेव्हा मी पाच महिने घालविलेच.

आता प्रत्यक्ष तोडण्याविषयी. समूळ आडवे पाडावयाचे तर झाडाच्या उंचीहून अधिक लांबीची मोकळी जागा पाहिजे; ती शहरात कुठली? म्हणून माड वरून खाली, तुकड्यातुकड्याने उतरवितात. प्रथम नारळ व झावळ्या, मग शेंडा, नंतर खोडाचे हात-दीड हाताचे तुकडे. प्रत्येक जड तुकडा दोराने बांधून खाली सोडावयाचा. या सर्व क्रियेत चढलेल्या माणसाचा भार त्याच खोडावर असतो. खोड निकोप असते तोवर हे काम एका दिवसाचे व बेताच्या खर्चाचे. पोखरून पोकळ झाले की त्यावर चढणे हा जुगार होय. मग शिडीची गाडी किंवा क्रेन आणावी लागते. आमच्या गल्लीत क्रेन शिरेना. शेजाऱ्यांच्या आवाराची भिंत अर्धी पाडून ती आत घ्यावी लागली व पुढे नवी बांधून द्यावी लागली. आषाढात जे काम झाले असते, त्याच्या तिपटीने खर्च झाला. शेजारीण वहिनींनी भिंतीबद्दल एक शब्दही काढला नाही, हे त्यांचे सौजन्य!

अर्ध्या पैशांत काम करतो म्हणणारा मनुष्य दाराशी येतोच. त्यास दोनच प्रश्न विचारावे: दोर कशाला बांधणार, आणि कौल फुटले वा कुणास इजा झाली तर जबाबदार कोण? उत्तर कागदावर लिहून घ्यावे. तोडणे, वाहून नेणे व बुंधा काढणे हे सर्व त्या रकमेत आहे की नाही, तेही. जवळून विजेची तार जात असेल, तर वीज कंपनीस आधी कळवून प्रवाह बंद करून घ्यावा. ओली झावळी तारेला टेकणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. काटकसर करावयाचीच, तर ती अशी करावी की गल्लीतील दोन-तीन घरांची कामे एकाच दिवशी ठेवून गाडीचे भाडे वाटून घ्यावे. आंब्याच्या लाकडाला किंमत येते, ती मजुरीतून वजा करून घ्यावी. पोखरलेल्या माडाला मात्र कोणी काही देत नाही.

आमच्या माडाचे तुकडे खाली आले तेव्हा आंबूस वास सुटला होता. एक तुकडा उभा चिरला. आत पिवळसर, लठ्ठ अळ्या वळवळत होत्या आणि तंतूंचे विणलेले कोश ओळीने बसविल्यासारखे होते. मक्तेदाराचा माणूस ते तुकडे कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत टाकावयास निघाला होता. तसे झाले असते, तर महिन्याभरात त्यांतले भुंगे उडून उरलेल्या दोन माडांवर आले असते. शहरात उघड्यावर जाळण्यास मनाई. म्हणून प्रत्येक तुकडा चिरून, अळ्या व कोश वेचून साबणाच्या पाण्यात बुडविले आणि मग तुकडे म्युनिसिपालिटीच्या गाडीत घातले. घराच्या पायाला लागून असल्याने बुंधा खणून काढला नाही. जमिनीसरसा कापून वर माती लोटली, कारण उघडा कुजणारा बुंधा म्हणजे गेंड्या भुंग्याचा पाळणाच.

राहिलेल्या दोन माडांच्या हिरव्या झावळ्या आता आम्ही सहसा तोडत नाही, आणि तोडल्याच तर देठ सुमारे 4 फूट ठेवतो. ताज्या कापाच्या वासाने सोंड्या भुंगा येतो. त्यास पकडण्यासाठी गंधाचा सापळा मिळतो. परंतु तो आपल्या एकट्याच्या परसात लावणे म्हणजे साऱ्या गल्लीतील भुंग्यांना आपल्याकडे बोलावणे. म्हणून पाच घरांनी मिळून तो माडांपासून दूर, कोपऱ्यावरच्या त्याच मोकळ्या जागेत टांगला आहे. बादलीतील भुंगे दर रविवारी काढून मोजण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि नारळ पाडणारा तो गडी आला की वर चढण्यापूर्वी आकडा विचारतो.