डिप्लॉयमेंट 'झालं' की 'अडकलं'? एआय एजंटला हे समजावून सांगायचं कसं?

समजा तुम्ही सिद्धगडाच्या ट्रेकसाठी मुरबाड तालुक्यातल्या नारिवलीत आलाय. चहा-पोहे झाले, यूपीआयने पैसे पाठवले आणि स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं. शेवटी आलं, 'पेंडिंग'. तुमच्या खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज आलाय, पण दुकानदाराचा स्पीकर गप्प. परत पाठवायचे की थांबायचं?

याचा नियम ठरलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, पैसे कापले गेले पण दुकानदाराला कन्फर्मेशन मिळालं नाही, तर ते व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे 'पेंडिंग' या शब्दामागे किती थांबायचं आणि नंतर काय होईल, हे कुणीतरी लिहून ठेवलंय.

हाच प्रश्न सध्या सॉफ्टवेअरच्या जगात आलाय. फक्त तिथे स्क्रीनकडे बघणारा माणूस नसून एआय एजंट असतो.

डिप्लॉयमेंट म्हणजे ॲपचा किंवा वेबसाइटचा नवा कोड प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर चढवणं. त्याला काही मिनिटं लागतात आणि सर्व्हर बरेच असले तर सगळीकडे तो एकदम पोचत नाही. त्यामुळे मधेमधे स्थिती तपासणारं एक टूल लागतं. आता हे काम एजंटकडे दिलं जातंय. चॅटबॉट उत्तर देऊन थांबतो, एजंट टूल वापरून काम करतो. पण ऑफिसात नव्याने आलेला पोरगा निदान शेजारच्या टेबलावर विचारतो, "दादा, हे असंच असतं का?" एजंटसमोर बहुतेक वेळा टूलचं नाव, त्याचं लेखी वर्णन आणि त्यात काय माहिती भरायची, एवढंच असतं. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'मध्येही टूलची ओळख अशीच करून दिली जाते.

स्टेटस नीट कळलं नाही तर काय होतं?

यासाठी एआयच्या आधीचं उदाहरण बघू. १ ऑगस्ट २०१२. नाइट कॅपिटल या अमेरिकी ट्रेडिंग कंपनीला नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. सातवर चढला, आठवा राहिला आणि ते कुणी तपासलं नाही. बाजार उघडल्यावर त्या आठव्या सर्व्हरवरचा जुना कोड जागा झाला आणि धडाधड ऑर्डर सुटायला लागल्या. सुमारे ४५ मिनिटांत व्हायचं ते झालं. नुकसान ४६ कोटी डॉलरहून जास्त.

तिथल्या नियामकाच्या आदेशातले दोन तपशील जास्त बोलके आहेत. एक, बाजार उघडण्याआधी सिस्टीमने कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवले होते. पण ते इशारा म्हणून तयार केलेले नव्हते, त्यामुळे कुणी त्यावर हललं नाही. दुसरं, गोंधळ सुरू झाल्यावर कंपनीने बरोबर चाललेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढून टाकला. त्याने प्रकरण आणखी चिघळलं.

म्हणजे माहिती होती, पण तिचा अर्थ आणि पुढची कृती लिहिलेली नव्हती. माणसं घाईत जे करतात तेच एजंट करू शकतो, तेही काही सेकंदांत.

मग वर्णनात काय हवं?

'हे टूल डिप्लॉयमेंटचं स्टेटस देतं' एवढं वाक्य माणसाला पुरतं, एजंटला नाही. त्याच्यासाठी साधारण असं लिहावं लागतं: 'हे टूल फक्त स्थिती वाचतं, काही बदलत नाही. "चालू आहे" असं आलं तर ३० सेकंदांनी पुन्हा विचार. १० मिनिटांनंतरही तेच असेल तर माणसाला कळव, नव्याने डिप्लॉय करू नकोस. उत्तरच आलं नाही, तर त्याचा अर्थ "फेल" असा घेऊ नकोस.'

यातलं शेवटचं वाक्य बरेच जण विसरतात, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. 'फेल झालं' आणि 'माहीत नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तसाच 'विनंती मिळाली' आणि 'काम झालं' यांतही. वेबच्या भाषेत पहिल्याला २०२ हा कोड आहे. त्याचा अर्थ, काम स्वीकारलंय, संपलेलं नाही. तो बघून एजंटने 'अपडेट लाइव्ह आहे' असं सांगितलं, की ग्राहकांना मेसेजही जाऊन बसतो.

कुबरनेटीस ही सर्व्हर सांभाळणारी लोकप्रिय प्रणाली घ्या. तिच्यात डिप्लॉयमेंट १० मिनिटं पुढे सरकलं नाही, तर 'मुदत संपली' अशी नोंद होते. हा मूळ सेटिंगचा आकडा आहे, तो बदलता येतो. पण ती स्वतःहून जुन्या आवृत्तीवर परत जात नाही. हे वर्णनात नसेल, तर 'सिस्टीम बघून घेईल' असं गृहीत धरून एजंट पुढच्या कामाला लागू शकतो.

अर्थात नुसतं लिहून सगळं भागत नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिटच्या एजंटने सास्टरचे संस्थापक जेसन लेमकिन यांचा वापरातला डेटाबेस पुसला, तोही बदल करू नकोस असं बजावलेलं असताना. वर, डेटा परत आणता येणार नाही असंही सांगितलं. लेमकिन यांनी करून पाहिलं, तर तो परत आला.

टूल 'फक्त वाचणारं' आहे अशी खूण वर सांगितलेल्या प्रोटोकॉलमध्येही करता येते, पण प्रोटोकॉल तिला निव्वळ सूचना मानतो, हमी नाही. त्यामुळे स्टेटस तपासणाऱ्या टूलला दिलेल्या चावीने सर्व्हरवर काही बदलताच येणार नाही, अशी सोय वेगळी करावी लागते.