पीएच.डी. झाली, पण प्राध्यापकीच कशाला?

मुलगा किंवा मुलगी पीएच.डी. झाली की वस्तीत पेढे वाटले जातात. दारावर 'डॉ.' लिहिलेली नवी पाटी लागते. आणि लगेच विचारणा सुरू होते, "प्राध्यापक कधी होणार?" पीएच.डी. म्हणजे प्राध्यापकी, असे समीकरणच आपल्याकडे होऊन बसले आहे. ते तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

कायम प्राध्यापकांच्या जागा थोड्या, उमेदवार अनेक. भरतीची वाट पाहत आपली उच्चशिक्षित मुले तासिका तत्त्वावर शिकवीत राहतात. जितके तास, तितके पैसे. सुटीत तेही बंद. त्यातच १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट, सेट ही किमान अर्हता ठरली व पीएच.डी. ऐच्छिक झाली. मग एवढी वर्षे केलेला अभ्यास वाया गेला काय? मुळीच नाही!

विद्यापीठ केवळ वर्गात चालत नाही

प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, संशोधनाचा निधी, भरतीची बिंदुनामावली ही सारी कामे कार्यालयात होतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी, विद्यार्थी विकास संचालक अशी पदे आहेत. या वाटेची पहिली मोठी पायरी म्हणजे सहायक कुलसचिव. केंद्रीय विद्यापीठांत त्यासाठी ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी लागते. सातव्या वेतन आयोगानुसार तेथे सुरुवातीचे मूळ वेतन ५६,१०० रुपये आहे. सहायक प्राध्यापकाचे ५७,७००. अंतर अवघे सोळाशे रुपयांचे! पुढे अनुभवाच्या बळावर उपकुलसचिव व कुलसचिव होता येते.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. फाइल कशी हलते आणि कशी अडते, हे रोज पाहतो. अर्जातील त्रुटी वेळेवर कळविली नाही, म्हणून एखाद्या गरीब मुलाची शिष्यवृत्ती राहते. स्वतः शिष्यवृत्तीवर शिकलेला, नियम जाणणारा अधिकारी त्या खुर्चीवर असेल, तर ती फाइल टेबलावर पडून राहणार नाही.

तयारी कशी करावी?

प्रबंध लिहिणाऱ्याला कागदपत्रे तपासणे, आकडेवारी मांडणे, मुद्देसूद अहवाल लिहिणे आणि मुदत पाळणे ठाऊक असते. कार्यालयात याच गुणांना किंमत आहे. मात्र केवळ 'डॉ.' या उपाधीवर विसंबू नये. विद्यापीठ अधिनियम व परिनियम वाचावेत. टिपणी लिहिणे, हिशेब व संगणक शिकावे. आरक्षण व बिंदुनामावलीचे नियम समजून घ्यावेत. शिकत असतानाच विभागातील परिसंवादाचा जमाखर्च, प्रवेशाचे काम, 'नॅक'च्या अहवालाची जुळवाजुळव अंगावर घ्यावी व त्याचे अनुभव प्रमाणपत्र मागून घ्यावे. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीधरांना ग्रंथपालाची वाटही खुली आहे.

एक सावधगिरी. या पदांच्या जाहिरातींत बहुधा वयाची अट असते. अनुसूचित जातींना मिळणारी सवलत जाहिरातीत नीट वाचावी आणि जातवैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. तासिकांत पस्तिशी उलटली की हे दारही हळूहळू मिटू लागते. म्हणून दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज करावेत.

या वाटेवर उन्हाळ्याची लांब सुटी नाही. स्वतःच्या संशोधनाला वेळ कमी मिळतो आणि पुन्हा शिकवण्याकडे वळणे सोपे नसते. ज्याचा जीव अध्यापनातच रमतो, त्याने ते जरूर करावे. परंतु कार्यालयात गेलेल्या मुलीला "एवढी शिकून टेबलावरच बसलीस ना?" असे कोणी हिणवू नये. त्या टेबलावरून शेकडो मुलांच्या शिक्षणाचे कागद जातात. ते आपल्या मुलीच्या सहीने वेळेवर पुढे जावेत, यात कमीपणा कसला?