कारखान्याविना नेतृत्व : राम शिंदे यांची राजकीय वाटचाल

अहिल्यानगर जिल्ह्याच्या राजकारणात पुढारी घडण्याची रूढ वाट सहकारी साखर कारखान्यातून जाते. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिल्यानंतर जिल्ह्याच्या बागायती उत्तर भागात ऊस, पतपुरवठा, शिक्षणसंस्था आणि मते यांची अशी साखळी तयार झाली, की तिच्यातून घराणी पिढ्यानुपिढ्या टिकली. बालाघाटाच्या कुशीतील जामखेड तालुका मात्र अवर्षणप्रवण असून, ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामाचा पराभव केला ते खर्डा याच तालुक्यात येते. इतिहासाने दिलेला मान आणि पाण्याने दिलेली ओढ हे दोन्ही वाट्याला आलेल्या या भागातून कारखान्याच्या आधाराविना पुढे आलेले नेते म्हणजे राम शिंदे.

शिंदे हे सीना नदीकाठच्या चौंडीचे. अहिल्यादेवी होळकरांचे हे जन्मगाव असून शिंदे त्यांच्या माहेरच्या घराण्यातील मानले जातात, आणि धनगर समाजात या नात्याला मोठे वजन आहे. गावच्या सरपंचपदापासून त्यांची वाटचाल सुरू झाली. मतदारसंघांच्या पुनर्रचनेपूर्वी, म्हणजे लोकसंख्येनुसार सीमा नव्याने आखल्या जाण्यापूर्वी, कर्जतची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. ती खुली झाल्यावर २००९ मध्ये ते भारतीय जनता पक्षाकडून कर्जत-जामखेडचे आमदार झाले. २०१४ मध्ये पुन्हा निवडून आल्यावर त्यांना गृह राज्यमंत्रिपद मिळाले, २०१६ मध्ये ते जलसंधारण खात्याचे कॅबिनेट मंत्री झाले आणि जिल्ह्याचे पालकमंत्रिपदही, म्हणजे जिल्ह्याच्या विकासकामांवर व नियोजन समितीवर देखरेख ठेवणारी जबाबदारी, त्यांच्याकडे होती. दुष्काळी तालुक्यातील आमदाराकडे ‘जलयुक्त शिवार’ ही जलसंधारण योजना राबवणारे खाते यावे, याहून अनुकूल संधी क्वचितच मिळते; तरीही २०१९ मध्ये रोहित पवार यांनी त्यांचा ४३,३४७ मतांनी पराभव केला. बारामतीच्या पवार घराण्याचे नाव आणि साखर उद्योगाचे पाठबळ घेऊन आलेल्या उमेदवारापुढे मंत्रिपद अपुरे पडले, असाच या निकालाचा अर्थ लावावा लागतो.

यानंतरचा भाग अधिक बोलका आहे. २०२२ मध्ये शिंदे विधान परिषदेवर गेले. विधिमंडळाच्या या वरिष्ठ सभागृहात ७८ सदस्य असतात. त्यांतील ३० विधानसभेचे आमदार निवडतात, त्यामुळे तेथे उमेदवाराचे भवितव्य गावोगावच्या मतदारांपेक्षा पक्षाच्या संख्याबळावर ठरते. दरम्यान स्थानिक चुरस शमली नाही: रोहित पवार यांनी खर्ड्याच्या किल्ल्यापाशी २०२१ मध्ये उंच भगवा स्वराज्यध्वज उभारला, तर अहमदनगरचे नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा ३१ मे २०२३ रोजी शिंदे यांच्या चौंडीत झाली. औद्योगिक वसाहतीच्या जागेवरूनही दोघांत वाद रंगला. रोजगाराचा प्रश्न मात्र या प्रतीकांच्या स्पर्धेत मागे पडला.

२०२४ मध्ये दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि शिंदे अवघ्या १,२४३ मतांनी हरले. परंतु परिषदेचे सदस्यत्व कायम असल्याने त्याच वर्षी १९ डिसेंबरला, जुलै २०२२ पासून रिक्त असलेल्या सभापतिपदावर त्यांची बिनविरोध निवड झाली. सहकारातील नेत्याला पडत्या काळात कारखाना तारतो. शिंदे यांना त्यांच्या पक्षाने तारले.